भाऱ्याखालचा माणूस

अठ्ठावीस डिसेंबर, रविवार. स्थळ : पिशोरचं आमचं शेत, तुरीची सोंगणी, म्हणजे कापणी. हजर : मी, माझे यजमान मिलिंद, धाकटे दीर सुभाष, त्यांची बायको, म्हणजे माझी जाऊ, रंजना, आणि रोजानं आलेल्या कांताबाई. गैरहजर : आमची मुलगी, तिला पुण्यात सुट्टी मिळाली नाही. आणि सूर्य. तो बराच उशिरा आला.

काहीही लिहायचं तर मी अशीच सुरुवात करते. वाळूजच्या एका कारखान्यात मी स्टोअर सांभाळते. काय आलं, काय गेलं, कोण घेऊन गेलं, हे टिपल्याशिवाय माझ्या हातून साधा नटसुद्धा सुटत नाही. ती सवय घरीही आली. किराण्याची यादी, औषधांची यादी, कुणाच्या लग्नाला काय दिलं त्याची यादी. मिलिंद रेल्वेत ड्रायव्हर आहे. कागदोपत्री हल्ली लोको पायलट म्हणतात, पण आमच्या पदमपुऱ्यात तो ड्रायव्हरच. बोलताना मी त्याला 'अहो' म्हणते. लिहिताना नाव लिहिते, आणि नावामागून 'तो' आपोआप येतो. एवढी सलगी मला कागदावरच जमते.

तूर पानांवर दहिवर, म्हणजे पहाटेचं दव, असतानाच सोंगायची असते. ऊन चढलं की वाळलेल्या शेंगा तडकतात आणि दाणे मातीत सांडतात. म्हणून तुरीचा हंगाम हा सकाळचा हंगाम. बोटं बधिर, पदर ओला, पानांचा चिकट कडवट वास हातांना दिवसभर. धुकं दाट असलं की रानात माणसं दिसायच्या आधी ऐकू येतात. कांताबाईंचा खोकला एका बाजूनं, विळ्याचा खर्र आवाज दुसऱ्या बाजूनं, आणि सुभाषच्या खिशातल्या मोबाईलवरचं गाणं कुठूनतरी मधूनच. मला हे सगळं आवडायचं. वर्षातून एकदा कारखान्याच्या पत्र्याखालून सुटून मी इथं यायची, पेंढ्या बांधायची आणि संध्याकाळी मिठात उकडलेल्या शेंगा खात बांधावर बसायची.

यंदा शहरात पहिलं धुकं पडलं तेव्हा सकाळी मी खिडकी उघडली आणि आधी बाहेर नाही, मिलिंदकडं पाहिलं. तो बूट घालत होता. त्यानंही खिडकीकडं पाहिलं, नाडी बांधली, सोडली, परत बांधली.

मागच्या वर्षी, याच दिवसांत, लासूरच्या अलीकडं मिलिंदच्या गाडीखाली एक माणूस आला. सकाळची वेळ, धुकं, आणि माणसाच्या डोक्यावर तुरीचा भारा. मिलिंदनं हॉर्न दिला, ब्रेक लावले. पण आगगाडी काही सायकल नाही, पाय टेकवले की थांबली. माणूस जागच्या जागी गेला. गाडी पुढं जाऊन उभी राहिली, गार्ड उतरला, स्टेशनला कळवलं, माणसं आली, जे करायचं ते झालं. आणि मग त्याच ड्रायव्हरनं तीच गाडी पुढच्या मोठ्या स्टेशनापर्यंत नेली, कारण तिथं रानात दुसरा ड्रायव्हर कुठून आणणार? डब्यांच्या दारांतून लोक डोकं काढून विचारत होते, अजून किती वेळ. हे सगळं मला त्याच्या सहायकानं फोनवर सांगितलं. मिलिंद घरी आला तेव्हा मला दोनच शब्द म्हणाला. "पाणी तापव."

मी पाणी तापवलं. तो नाहून आला. मी पोहे केले होते, ते त्यानं खाल्ले. मला वाटलं, चला, खातोय म्हणजे बरं आहे. मी जमेल तेवढ्याचा हिशोब लावणारी बाई. खाणं ठीक, पाणी ठीक, ताप नाही. ज्याला काटा लावता येत नाही असं काही माणसात असतं, ते मला तेव्हा सुचलं नाही.

ड्रायव्हरच्या बायकोला एकटं जेवायची सवय असते. नवरा कधी निघेल ते गाडी ठरवते, कधी येईल ते पुढच्या गाडीवर अवलंबून. सणावाराला मी पुष्कळदा एकटीच ताट वाढून घेतलं आहे आणि त्याचं मला कधी काही वाटलं नाही. पण त्या हंगामात तो रजेवर होता, रोज समोर बसलेला होता, आणि मी एकटी जेवत होते. समोर माणूस असताना एकटं जेवणं फार अवघड जातं. घास चावल्याचा आवाज येतो.

रेल्वेतल्या माणसांच्या आपापल्या रीती असतात. त्या कुठं लिहिलेल्या नसतात, पण सगळ्यांना ठाऊक असतात. असं काही झालं की कुणी मारुतीला नारळ फोडतो. कुणी त्या दिवसाचा रुमाल टाकून देतो. कुणी घरी यायच्या आधीच आंघोळ उरकतो. आणि एक रीत सगळ्यांची मिळून : गेलेल्या माणसाचं नाव विचारायचं नाही. नाव कळलं की तो घरी राहायला येतो, असं म्हणतात.

आमच्या शेजारी सलीमभाई राहतात. ड्रायव्हर म्हणूनच निवृत्त झाले. मी त्यांच्याकडं गेले ते सरळ विचारायलाच. माझा स्वभावच तसा. मशीन बंद पडलं की ज्यानं ते आधी चालवलंय त्याला विचारावं. सलीमभाई अंगणात खुर्ची टाकून दाण्यांच्या शेंगा फोडत बसले होते.

"भाई, तुम्ही काय करायचे अशा वेळी?"

"मैं?" त्यांनी टरफलं फुंकली. "मैं सीदा नाई के पास जाता था, भाबी. घर नै, मस्जिद नै, पैले नाई. डाढी बनाने बैठ जाने का, आँखां बंद, मुंडी उसके हाथ में दे देने की. कोई तो भी मेरे मुँह कू हाथ लगारा, इत्ता समझा तो बस."

"आणि मग?"

"मग काय, घरी. बेगम समझ जाती थी. अब्बी तो परसूंच बनायी थी डाढी, बोलती थी, और चुप."

मी म्हटलं, यांना नाव विचारायचं नाही, नारळ आमच्यात चालत नाही, दाढी तर हे घरीच करतात. मग यांनी काय करायचं? सलीमभाई हसले नाहीत. ते म्हणाले, बहुतेक ड्रायव्हरांना नजर छळते. शेवटच्या क्षणी रुळावरचा माणूस वर बघतो आणि ती नजर ड्रायव्हर घरी घेऊन येतो.

"पण यांना तर काहीच दिसलं नाही," मी म्हटलं. "डोक्यावर भारा होता. तोंड झाकलेलं."

"हौ, वोइच लफडा है," सलीमभाई म्हणाले. "जिसने देखा, उसकू एकीच चेहरा भूलना है. इसकू कित्ते भूलना?"

ते मला तेव्हा पटलं नाही. समजलं गुलमंडीवर. मी मिलिंदला मुद्दाम बाजारात नेत होते. माणसांत मिसळला की मोकळा होईल, असा माझा अंदाज. एका पेरूच्या गाडीपाशी तो थांबला आणि पेरूवाल्याच्या तोंडाकडं बघत राहिला. पेरूवाल्यानं आधी दुर्लक्ष केलं, मग टोपी नीट केली, मग म्हणाला, "काय काका, वळखता का मला?"

"नाही," मिलिंद म्हणाला.

"मग असं काय बघून राह्यले? पेरूकडं बघा की. पेरू गोड हायेत, मी नाय."

मी घाईनं पेरू घेतले. नको होते तरी भरपूर घेतले. परत येताना मिलिंद म्हणाला, "त्याच्याच वयाचा असेल." कुणाच्या, ते मी विचारलं नाही. नंतर लक्षात आलं की तो सगळ्यांकडंच तसं बघतो. रिक्षावाल्याकडं, दूधवाल्याकडं, लग्नाच्या पंगतीत वाढणाऱ्याकडं. ज्याचा चेहरा दिसला नाही तो माणूस कुणीही असू शकतो, आणि मग तो सगळीकडंच असतो.

आम्ही बौद्ध. नारळ, लिंबू, उतारा हे आमच्या घरातून आजेसासऱ्यांच्या वेळीच गेलं, आणि गेलं ते बरंच झालं. पण आपल्याकडं पुण्यानुमोदन आहे, गेलेल्या माणसासाठी वंदना घेता येते, हे मला आठवलं आणि मी एका रविवारी मिलिंदला विहारात घेऊन गेले. तिथले गुरुजी ओळखीचे. त्यांनी सगळं शांतपणे ऐकलं आणि म्हणाले, "करू की. माणूस कुणाचाही असो. फोटो आणा आणि नाव लिहून आणा."

आमच्याकडं दोन्ही नव्हतं.

"तसंच करता येईल का?" मी विचारलं.

"येतं. का नाही येणार," गुरुजी म्हणाले. "मेणबत्ती लावू, त्रिसरण घेऊ." पण मिलिंद तोवर उठला होता. बाहेर चपला घालताना तो म्हणाला, "मेणबत्ती लावायची ती कुणासमोर?"

ऑफिसनं त्याला समुपदेशनाला बसवलं. तिथल्या बाई चांगल्या होत्या, घाई करणाऱ्या नव्हत्या. त्यांनी विचारलं, डोळे मिटले की काय दिसतं? तो म्हणाला, तूर. त्याच्या पुढं तो तिथं बोलला नाही. मी माझ्या बाजूनं सगळं करत होते. सकाळचं फिरणं, चहा कमी, संध्याकाळी मुलीचा फोन. एकेक गोष्ट करून झाली की मी मनात तिच्यावर बरोबरची खूण करायची. सगळ्या खुणा झाल्या आणि माणूस होता तिथंच.

एक गोष्ट मात्र माझ्या कुठल्याच उपायात नव्हती. मी स्कूटर चालवत होते, तो मागं बसला होता. क्रांती चौकात सिग्नल लाल होता, मग सुटला. मागून आवाज आला, "हिरवा." मी निघाले. पुढच्या चौकात परत, "हिरवा." जरा थांबून परत, जास्त मोठ्यानं, "हिरवा." मला वाटलं, मी हळू चालवतेय म्हणून सांगतोय. घरी आल्यावर उमगलं. इंजिनात दोघं असतात आणि सिग्नल दिसला की एकानं रंग म्हणायचा, दुसऱ्यानं ऐकून तोच परत म्हणायचा. तसा नियम आहे. दोघांनी म्हटल्याशिवाय तो सिग्नल खरा नाही. तो माझ्या पाठीमागं बसून दुसऱ्या आवाजाची वाट बघत होता.

दुसऱ्या दिवशी तो "हिरवा" म्हणाला आणि मी हेल्मेटमधून ओरडले, "हिरवा." माझ्या खांद्यावरचा त्याचा हात सैल झाला. कितीतरी दिवस आमच्यात एवढंच बोलणं होतं. लाल. लाल. हिरवा. हिरवा. शेजारच्या गाडीवरची माणसं बघायची. बघू देत.

मग तो कामावर गेला. जावंच लागतं. लोकांना वाटतं की अशानंतर माणूस परत इंजिनात कसा चढत असेल. मला वाटतं, चढल्यावर तो निदान पुढं बघायला मोकळा होत असेल. घरी भिंती असतात. रुळावर काय येईल ते समोरून येतं. उन्हाळा गेला, पावसाळा गेला, मी समजले की हा विषय मिटला. एकच खटकायचं. कार घेऊन पिशोरला निघालो की सरळ रस्ता सोडून तो लासूरकडून, देवगाव रंगारीवरून, कन्नडकडं असा मोठा वळसा घ्यायचा.

"एवढं लांबून कशाला?" मी विचारायची.

"रस्ता चांगला आहे."

रस्ता चांगला नव्हता. खड्डे होते, उसाच्या ट्रॉल्या होत्या. आणि तो इतका हळू चालवायचा की बैलगाडीवाले वळून बघायचे. रस्त्याकडेनं कुणी डोक्यावर काही घेऊन चाललं की तो आणखी हळू व्हायचा. मी शेजारी बसून पुढच्या आठवड्याची खरेदी मनात मांडायची. आता वाटतं, त्या गाडीत आम्ही दोघं होतो आणि दोन वेगवेगळ्या रस्त्यांनी चाललो होतो.

तर परवाच्या रविवारी शेतात. मिलिंद विळा घेऊन एका ओळीत, सुभाष दुसऱ्या. कांताबाई, रंजना आणि मी पेंढ्या बांधून खळ्याकडं नेत होतो. मी एरवी पेंढ्या उचलून काखेत धरायची, दोन-दोन. कांताबाई म्हणाल्या, "बाई, अशानं दुपार व्हईल. डोक्यावर घ्या की भारा. हापिसात बसून मान आखडलीय व्हय?"

"घेते की," मी म्हटलं.

रंजनानं आणि त्यांनी मिळून माझ्या डोक्यावर भारा चढवला. तुरीचा भारा म्हणजे काय, हे बांधावर बसून शेंगा खाणाऱ्याला कळत नाही. बुडखे मागं, शेंडे पुढं. शेंडे कपाळावरून खाली आले आणि डोळ्यांपुढं झावळ्यांसारखे पसरले. पायापुढची हातभर जमीन तेवढी दिसत होती. आणि मी पाऊल टाकलं तशा शेंगा वाजायला लागल्या. वाळलेल्या शेंगांतले दाणे दोन्ही कानांशी खुळखुळत होते. पावलागणिक तो आवाज डोक्यात भरत होता. बाहेरचं काही म्हणता काही ऐकू येत नव्हतं. ना खोकला, ना गाणं, ना विळे.

मी चालत राहिले. धुकं, पायाखालची हातभर माती, आणि खुळखुळाट. आत फार एकटं होतं. आणि खरं सांगायचं तर बरंही वाटत होतं. कुणी बोलत नाही, काही दिसत नाही, आपण आपलं ओझं घेऊन चालायचं.

एकाएकी कुणीतरी समोरून येऊन भारा माझ्या डोक्यावरून ओढून खाली फेकला. मी पडता पडता वाचले. मिलिंद होता. विळा कुठं टाकला होता कोण जाणे. धापा टाकत होता. त्याचा चेहरा राखेसारखा झाला होता.

"किती हाका मारल्या," तो म्हणाला. "किती हाका मारल्या तुला."

"ऐकू नाही आल्या."

"सुभाषनं मारल्या. मी मारल्या. विहिरीकडं चालली होतीस."

विहीर तशी लांब होती. मी त्याला तसं म्हणणार होते. पण त्यानं माझं तोंड दोन्ही हातांत धरलं होतं आणि तो बघत होता. माझ्या कपाळाला पानं चिकटली होती ती त्यानं एकेक काढली आणि परत बघितलं. दीर, जाऊ, मजूर बाई, सगळ्यांच्या देखत. आमच्याकडं नवरा-बायको असे उभे राहत नाहीत. रंजनानं तोंड फिरवलं आणि पेंढ्या सारख्या करू लागली.

"त्याला ऐकूच आलं नसेल," मी म्हटलं. "अहो, त्याला हॉर्न ऐकूच आला नसेल. आत काही ऐकू येत नाही."

तो खाली बसला, त्याच भाऱ्यावर. आम्हीही बसलो. कांताबाई जरा लांब बसल्या. मिलिंद मातीकडं बघत बोलायला लागला. धुक्यातून रुळाकडेला तुरीचा ढीग दिसला, असं तो म्हणाला. कुणीतरी गंजी रचून ठेवली असं त्याला वाटलं. शेतकऱ्याचं पोर ते. तूर दिसली की त्याला तूरच दिसते.

"मला वाटलं, यंदा तूर काय बरी आलीय," मिलिंद म्हणाला. "खरंच असं वाटलं. शेंगा भरल्यात, असं. आणि मग ती हलली."

हॉर्न त्यानं दिला होता, ब्रेक लावले होते, एवढं त्याच्या सहायकानंही सांगितलं होतं. गंजी नाही, माणूस आहे, हे आधी कळलं असतं तरी गाडी काही थांबली नसती. हे त्यालाही ठाऊक होतं. पण तो एक क्षण त्यानं वर्षभर कुणाला सांगितला नव्हता. एक माणूस मरणाच्या तोंडी होता आणि आपण पीक बघून खूश झालो होतो, हे सांगायचं कुणाला? समुपदेशनाच्या बाईंना तूर म्हणजे डाळ. सलीमभाईंनी शेत पाहिलेलं नाही. मी यादीवाली.

सुभाषनं विळ्यानं माती उकरली. "दादा, मलाबी तसंच व्हतं," तो म्हणाला. "बसमधून चाल्लो, अन् दुसऱ्याच्या रानात तूर दिसली, की पयलं तेच मनात येतं. आपल्यापेक्षा बरी हाय का आपली बरी. ह्यात काय पाप हाय? डोळेच तसले हायेत आपले."

मिलिंदनं मान हलवली. हो म्हणून की नाही म्हणून, ते कळलं नाही.

धुकं विरलं होतं. शेंगा तडकायला लागतील म्हणून खरं तर उठायला हवं होतं, पण कुणी उठलं नाही. मला एक सारखं आठवत होतं. तूर दहिवर असतानाच न्यायची असते. तो माणूस चुकीच्या वेळी नव्हता निघाला. मिलिंदची गाडीही वेळेवर होती. दोघंही आपापल्या कामाच्या वेळेवर होते.

"तिकडं एकदा जाऊन या," रंजना म्हणाली.

"कुठं?" सुभाषनं विचारलं.

"त्येंच्या घरी. ज्येंचा मानूस गेला."

"येडी का खुळी तू? लोक मारतील दादाला."

"मारू द्या की," रंजना म्हणाली. "अन् नाय मारलं तर?"

मिलिंद हळूच म्हणाला, "मला त्याचा फोटो बघायचाय. फक्त फोटो. माफी मागायला मी काही केलं नाही, असं सगळे म्हणतात. नसेल. पण मला त्याचं तोंड बघू द्या. म्हणजे बाकीच्यांकडं बघायचं थांबेल." आणि मग, मला उद्देशून, "रस्ता चांगला आहे असं तुला खोटंच सांगत होतो."

"माहीत आहे," मी म्हटलं. मला माहीत नव्हतं. खड्डे माहीत होते.

परतताना आम्ही देवगाव रंगारीवरूनच आलो. रस्त्यानं तूर घेऊन चाललेली माणसं होती, पण मिलिंदनं गाडी हळू केली नाही. लासूरजवळच्या एका फाट्यावर थांबला. इथून आत कुठंतरी, म्हणाला. आत एक कच्चा रस्ता जात होता, दोन्हीकडं कपाशीच्या पऱ्हाट्या, शेवटाला कसला तरी धूर. आम्ही काच खाली करून बघत बसलो. एक बाई शेळ्या घेऊन आली, आमच्याकडं पाहून म्हणाली, "चुकले का?" मिलिंद म्हणाला, "नाही, थांबलोय." ती गेली. मग तो म्हणाला, असं न विचारता जाणं बरं नाही. ते मला पटलं. कुणाच्याही दारात अचानक जाऊन उभं राहायचं नसतं. त्या दारात तर नाहीच.

त्या भागात गोरख नावाचा ट्रॅकमन आहे. रुळांवरून रोज चालत तपासणी करतो. त्या सकाळी सगळ्यांत आधी तोच पोचला होता. त्याला घर ठाऊक असणार. "तूच फोन कर," मिलिंद म्हणाला. "माझ्यानं होणार नाही." फोन करणं, वेळ ठरवणं, कुणाला काय लागेल ते विचारणं, ही घरात नेहमीच माझी कामं. मी हो म्हटलं.

सोमवारी जेवणाच्या सुट्टीत स्टोअरमध्ये कुणी नसताना मी फोन लावला.

"घर म्हाईत हाय की वैनी," गोरख म्हणाला. "रोज त्येच्यावरनंच जातो. बायको हाय, म्हातारा बाप हाय. भिंतीला फोटू हाय, मोठा केल्याला. म्हातारा रोज पुसतो त्याला."

"आम्हाला यायचंय, गोरखभाऊ. त्यांना चालणार असेल तरच. तुम्ही विचाराल का?"

"इचारतो की. साहेबाला सांगा, त्या दिशी त्येंचा काय दोष नव्हता, म्या सोता पाह्यलं."

"सांगते."

"पर वैनी," तो थांबला. मागून मालगाडीचा आवाज येत होता, ती जाईपर्यंत दोघंही थांबलो. "त्येंला इचारताना कोन येनार म्हनून सांगू?"

एरवी माझ्याकडं उत्तरं तयार असतात. मी म्हटलं, "उद्या सांगते."

संध्याकाळी मी मिलिंदला सगळं सांगितलं. फोटो आहे, मोठा केलेला आहे, हे ऐकून त्याचा चेहरा क्षणभर इतका हलका झाला की मला वाटलं, एवढ्यावरच निभावलं. मग मी गोरखचा प्रश्न सांगितला. आम्ही दोघांनी मिळून शब्द शोधले. गाडीचा ड्रायव्हर म्हणावं, तर दार लागेल, आणि लागलं तर त्यात त्यांची चूक नाही. रेल्वेतले पाहुणे म्हणावं, तर म्हाताऱ्याला वाटेल की भरपाईचं काही घेऊन आलेत, आणि तो आशेनं सतरंजी टाकेल. पिशोरकडचे शेतकरी म्हणावं, तर ते खरं आहे, आणि त्याच्याइतकं खोटं दुसरं नाही. ओळखीचे म्हणावं, तर कुणाच्या ओळखीचे? गेलेल्या माणसाची आमच्याशी ओळख नाही. आणि तरी वर्षभर आमच्या घरात त्याच्याइतकं दुसरं कुणी राहिलं नाही.

"नुसतं मिलिंद म्हण," तो शेवटी म्हणाला. मग स्वतःच म्हणाला, "नको. मिलिंद कोण, असं विचारतील."

शेतातली तूर मळून झाली. सुभाषनं फोनवर सांगितलं, यंदा बरी उतरली. मिलिंदनं ऐकलं आणि "बरं झालं" म्हणाला. सकाळचं धुकंही आता कमी होत चाललंय. तो रोज कामावर जातो, परत येतो, डबा घासायला टाकतो आणि माझ्याकडं बघतो. विचारत नाही. गोरखचा दोनदा मिस्ड कॉल येऊन गेला. मी फोन हातात घेते, नंबर काढते, आणि पहिलं वाक्य जुळवत उभी राहते.

कोण येणार, ते गोरखला अजून सांगायचं राहिलंय.